‘मिशिगनचा मावळा’ यांना उत्तर: जर्मनीतला आकडा अमेरिकेच्या आय-७५ महामार्गावर चालत नाही

मावळेसाहेब,

छोट्या एसयूव्हीमागे बोटीचा ट्रेलर लावण्याविषयीच्या माझ्या लेखात मी टोयोटाच्या रॅव्ह-फोर हायब्रिडची अमेरिकेतली ओढायची मर्यादा १७५० पौंड सांगितली होती. त्याखाली तुम्ही लिहिलंय: ‘जर्मनीत माझा मेहुणा हीच रॅव्ह-फोर हायब्रिड घेऊन दुप्पट वजन ओढतो. तुम्ही १७५० पौंडांचा बागुलबुवा दाखवून लोकांना ट्रक घ्यायला लावताय. ट्रेलर बहुतेक यूट्यूबवरच ओढला असावा.’

शेवटचं वाक्य नसतं तर मुद्दा पोचला नसता का? मंडळाच्या गणपतीत समोरासमोर भेटलो असतो तर हे असंच बोलला असतात? टोपणनावाआडून बोलायला काय जातं! मी रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ वाढलो, होड्या वर ओढताना दोराला हात लावलेला माणूस आहे. पोटापाण्याला डेट्रॉइटमध्ये गाड्यांच्या सस्पेन्शनचंच काम केलं. मिशिगनमधल्या होटन लेक तलावावर आमची बोट जाते ती माझ्याच गाडीमागे. आणि ‘ट्रक घ्या’ असं लेखात कुठे आहे, तेवढी ओळ दाखवा.

एक मान्य. वजनं फक्त पौंडांत दिली, भारतातल्या वाचकांना किलोही हवे होते. देतो.

आता मेहुणे. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ते खरंच ओढत असतील. फोर-व्हील ड्राइव्ह रॅव्ह-फोर हायब्रिडला युरोपात १६५० किलोंची परवानगी होती, अमेरिकेत तीच गाडी १७५० पौंड, म्हणजे जेमतेम ८०० किलो. तुम्हाला यात कंपनीची लबाडी दिसते. मला ट्रेलर ओढायच्या दोन वेगळ्या पद्धती दिसतात.

इकडे ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावर, यावा असा दंडक आहे, बोटीच्या ट्रेलरला थोडा कमी चालतो. १६५० किलोंचे १० टक्के म्हणजे १६५ किलो. छोट्या एसयूव्हीच्या मागच्या टोकावर एवढं ठेवलं की नाक वर, पुढची चाकं हलकी, स्टिअरिंग पोकळ. युरोपात हा भार खूप कमी ठेवतात, अशा गाड्यांना हुकवर ७५ ते १०० किलोंचीच मुभा असते. मग ट्रेलर वळवळत नाही का? वेग वाढला की वळवळतोच. म्हणून जर्मनीत ट्रेलरसह ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, खास परवानगी असेल तर १००. शिवाय ७५० किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. आय-७५ वर ७० मैलांनी, म्हणजे ताशी सुमारे ११३ किलोमीटरने, बिनब्रेकचा ट्रेलर ओढत निघालेल्या माणसाला मेहुण्यांचा आकडा काय कामाचा?

त्यात बोट मुळातच मागे जड, कारण इंजिन ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर, लटकलेलं. घरी स्नानघरातला वजनकाटा ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली ठेवून बघा. भार कमी भरला तर विंच पोस्ट (बोटीचं नाक जिथे टेकतं तो ट्रेलरवरचा खांब) पुढे सरकवून बोट थोडी पुढे घ्यायची, ट्रान्सम मात्र बंकवर, म्हणजे बोटीखालच्या आधाराच्या फळ्यांवर, टेकलेलाच हवा.

‘१६ फुटी ॲल्युमिनियम बोटीचं वजन ते किती’ हेही ऐकून घ्या. ब्रोशरमध्ये नुसता सांगाडा असतो, धरा ६५० पौंड. ५० हॉर्सपॉवरचं इंजिन २५०, ट्रेलर ४५०. बारा गॅलन पेट्रोल ७२, बॅटरी ५०, नांगर, जॅकेटं, गळांची पेटी मिळून शंभरेक. झाले १५७० पौंड (सुमारे ७१२ किलो), मर्यादा १७५०! बर्फाचा कूलर अजून भरायचाय. आणि ३५०० पौंडांची हिच (गाडीमागे बसवायचा ट्रेलरचा जोड) बसवली म्हणून गाडी ३५०० ओढत नाही. हे लेखात ठळक अक्षरांत होतं. वाचलं असतंत तर हा प्रपंच वाचला असता.

बाकी बेअरिंगचं ग्रीस, साखळ्यांची फुली, रिव्हर्समध्ये सर्ज ब्रेक (गाडी मंदावली की ट्रेलरच्या रेट्याने आपोआप लागणारे ट्रेलरचे ब्रेक) सोडवणारी पाचवी वायर, यावरचे तुमचे चार परिच्छेद ठीक आहेत. सगळं लेखात आहेच, पुन्हा कशाला उगाळायचं?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते सांगणारा. बॉलवरचा भारही त्यातच धरायचा. तुमच्या गाडीचा तो आकडा आणि घरच्या चौघांची वजनं इथे टाका, मग पुढचं बोलू. मेहुण्यांचं वजन नको.