आपल्या कलेत खेळ कधी नव्हताच?

वानखेडेवर सचिनचा पुतळा उभा राहिला २०२३ मध्ये. तेव्हापासून मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकाच अर्थाचा मजकूर फिरतो आहे. आपल्या कलेने खेळाकडे कधी पाहिलंच नाही, पाश्चात्त्यांनी मात्र खेळाडूला देवासारखं घडवलं, आणि आपल्याकडे क्रिकेटमध्ये पैसा आला तेव्हाच सिनेमावाल्यांना खेळ सुचला, असं त्यात म्हटलेलं असतं. तिन्ही विधानं चूक आहेत. चांगली वाचणारी माणसंही ती न तपासता पुढे पाठवतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

पहिल्या विधानाला तुकोबांची गाथाच उत्तर देते. चेंडूफळी, विटूदांडू, हमामा, हुंबरी, फुगडी अशा खेळांवर तिथे अभंग आहेत. वाळवंटात मांडलेल्या वैष्णवांच्या खेळात तर वर्णाचा अभिमान विसरून माणसं एकमेकांना लोटांगण घालतात. खेळ माणसामाणसांतलं अंतर मिटवू शकतो, हे सतराव्या शतकात मराठीत इतकं स्पष्ट लिहिलं गेलं आहे. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या आहाराचं आणि सरावाचं वर्णन येतं. घोड्यावरून चौगान, म्हणजे जुना पोलो, खेळणाऱ्या स्त्रियाही लघुचित्रांत आहेत.

दुसरं विधान अर्धवट पाहण्यातून आलं आहे. ग्रीकांचा थाळीफेक्याचा पुतळा सगळ्यांना ठाऊक असतो, पण अमेरिकन चित्रकार जॉर्ज बेलोजचं १९०९ मधलं बॉक्सिंगचं चित्र पाहा. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा जाहीर लढतींना बंदी होती, म्हणून त्या खासगी क्लबांत चालत. बेलोजने दोन धडपडणारी शरीरं रंगवली आणि भोवती बघ्यांचे हपापलेले चेहरे. तिथे देव कुणीच नाही. इंग्लिश चित्रकार एल. एस. लॉरीच्या १९५३ मधल्या चित्रात फुटबॉलच्या मैदानाकडे लोटलेली गर्दी आहे आणि मागे कारखान्यांची धुराडी. आठवडाभर राबणाऱ्या माणसाला शनिवारचा सामना काय होता, ते त्या गर्दीवरूनच कळतं. उलट ऑलिम्पिकने १९१२ ते १९४८ या काळात खेळावरच्या चित्र, शिल्प, साहित्य, संगीत आणि वास्तुकलेला रीतसर पदकं दिली. त्यातल्या बहुतेक कलाकृती आज कुणाच्या लक्षात नाहीत. नुसत्या गौरवाने कला टिकत नाही, असंच मला त्यातून दिसतं.

आता पैशाचं. ‘चक दे! इंडिया’ २००७ मध्ये महिला हॉकीवर आला. त्या खेळात कुठला आलाय पैसा? ‘झुंड’ने २०२२ मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतली मुलं आणि फुटबॉल पडद्यावर आणला, आणि त्यात खरा प्रश्न आहे तो वस्ती आणि कॉलेजचं मैदान यांच्यामधल्या भिंतीचा. ‘लगान’ क्रिकेटचाच, पण त्यातल्या अस्पृश्य मानलेल्या कचराला संघात घ्यायला गाव तयार नसतं, हे विसरू नका. मुंबईकराला तर तिथे पळवणकर बाळू आठवायलाच हवेत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा दलित समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात खेळत असताना त्याला चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. मुंबईत तो हिंदू संघाकडून खेळला, पण कर्णधारपद त्याला कधीच दिलं गेलं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याच्याकडे आलं. मैदानात कुणाला येऊ देतात आणि कुणाला दाराशी थांबवतात, हे दाखवणाऱ्या कलेला पैशामागे धावणारी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तक्रार करायचीच असेल तर वेगळी करा. लालबाग-परळच्या गल्लीत गिरणी कामगार कबड्डी खेळत, पाळी सुटली की थेट मैदानावर येत. त्यांच्या खेळावर लॉरीच्या तोडीचं मोठं चित्र मला हवं आहे, आणि ती मागणी आजच्या चित्रकारांकडे जरूर करावी.