टायर रबराचे आहेत म्हणूनच अर्थिंग लागतं

वडोदऱ्याच्या समा भागात राहणाऱ्या माझ्या आत्याने परवा एक मेसेज पाठवला: ‘इलेक्ट्रिक गाडीसाठी पोर्चमध्ये वेगळी लाइन टाकू नका, शोरूमवाले तुम्हाला लुटतात.’ खाली पाच-सहा सल्ले. नुसतं पाठवलं असतं तर सोडून दिलं असतं. पण आतेभावाची गाडी पुढच्या आठवड्यात येतेय आणि हे वाचून आत्याने वायरमनला ‘येऊ नका’ असं कळवूनही टाकलं.

सगळ्यात भयंकर सल्ला हा: ‘टायर रबराचे असतात, अर्थिंगची गरज नाही. चार्जर लाल दिवा दाखवून बंद राहत असेल तर सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल तारेच्या तुकड्याने जोडा.’

टायर रबराचे असतात म्हणूनच तर अर्थिंग लागतं! चार्जरमधलं इन्सुलेशन गेलं आणि फेज (वीज आणणारी तार) गाडीच्या बॉडीला लागला, तर रबरामुळे करंटला जमिनीत जायला वाट उरत नाही. गाडी 230 व्होल्ट अंगावर घेऊन उभी राहते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दार उघडणारा माणूस हीच करंटची वाट होते. अर्थ चांगला असेल तर करंट तिकडून जातो आणि आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच, लगेच पडतो.

न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेची, जोड त्याहून वाईट. फेज बॉडीला लागला तरी करंट न्यूट्रलनेच परत जातो, गेलेला-आलेला करंट सारखा भरतो आणि आरसीसीबीला काही कळत नाही. शिवाय सॉकेटच्या मागे लाइनमध्ये कुठे न्यूट्रल तुटला, तर चार्जरमधून फिरून आलेला फेज त्याच तुकड्यावरून गाडीच्या पत्र्यावर येतो. तेही गाडीत काही बिघाड नसताना. लाल दिवा त्रास द्यायला लागत नाही, अर्थ मिळत नाही म्हणून लागतो. आत्याच्या घरात अर्थची तार जुन्या लोखंडी नळाला बांधलेली होती. ते नळ काढून प्लास्टिकचे घातले, तारेकडे कुणी बघितलंच नाही. तिथे अर्थिंगचा नवा खड्डा करण्यावाचून उपाय नाही.

‘कुठलाही प्लग चालतो’ म्हणे. 3.3 किलोवॅटचा चार्जर 14-15 अँपियर ओढतो आणि 30 युनिटांची बॅटरी भरायला नऊ-दहा तास घेतो. गिझर थोड्या वेळात बंद होतो, हा रात्रभर चालतो. सॉकेटचा स्क्रू ढिला असेल तर तेवढ्यात प्लास्टिक वितळतं. ‘एमसीबी पडत असेल तर 32 चा बसवा’ हाही तसाच. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, तार वाचवायला असतो. अडीच एमएमच्या तारेवर 32 चा बसवला की भिंतीच्या आत तारच फ्यूजसारखी तापते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2019 मध्ये सुरक्षा नियमांत चार्जिंगसाठी वेगळं प्रकरण जोडलं. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र लाइन, 30 मिलिअँपियरपर्यंतचं आणि किमान ‘ए’ प्रकारचं गळती-संरक्षण (आरसीसीबीसारखं), एक्स्टेंशन कॉर्डला मनाई, सॉकेट जमिनीपासून निदान 800 मिलिमीटर वर. नियम चार्जिंग स्टेशनांचे आहेत, पण घरातला करंट काही सौम्य नसतो. आणि समामध्ये 800 मिलिमीटरही पुरत नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हाच्या पाण्याची रेघ आत्याच्या पोर्चच्या भिंतीवर अजून दिसते. सॉकेट त्या रेघेच्या वर हवा.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे: 7.2 किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर प्रत्येकाला लागत नाही. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला पाच-सहा युनिटं पुरतात, ती साध्या चार्जरने दोन तासांत भरतात. पण म्हणून लाइन नको, असं होत नाही. आणि एसी, गिझर, चार्जर एकत्र चालणार असतील तर वीज कंपनीकडून मंजूर लोड वाढवून घ्यावा लागतो, तो लपवून चालत नाही.

वायरमनला मी रविवारी परत बोलावलंय. मेन बोर्डापासून थेट चार एमएमची तांब्याची तार, 20 चा एमसीबी, वेगळा आरसीसीबी आणि अर्थिंगचा खड्डा. तोपर्यंत गाडी आली तरी घरी चार्जिंगला लावायची नाही, हे आतेभावाकडून कबूल करून घेतलंय.