कागद काढून पॉलिकार्बोनेट? जरा थांबा

"पॉलिहाऊसचा कागद काढा, पॉलिकार्बोनेट शीट बसवा. आत गारवा, दहा वर्षं कटकट नाही, हॉलंड-इस्रायलमध्ये हेच वापरतात." हा मेसेज मला महिन्याभरात चौघांनी पाठवला. एकाने तर कोटेशनही मागवलंय, म्हणून लिहायला बसलो. (कागद म्हणजे पॉलिहाऊसच्या सांगाड्यावर ताणलेली प्लास्टिकची पातळ फिल्म; पॉलिकार्बोनेट म्हणजे कडक, पारदर्शक प्लास्टिकची जाड शीट.)

हॉलंडचं आधी उरकू. तिथं मुख्यतः काच. इस्रायलमध्ये बहुतेक फिल्म आणि जाळी. स्पेनच्या अल्मेरियात सुमारे ३० हजार हेक्टरवर पसरलाय तो प्लास्टिकचा कागदच.

आता गारवा. दुपदरी शीटच्या पोकळीतली हवा उष्णता अडवते, हे खरं. पण त्याने आतली ऊब टिकते; लडाखच्या थंडीत त्याचं मोल. ऊन मात्र शीटमधून आत येतंच. मावळात एप्रिलच्या दुपारी आपली धडपड असते ती ऊब बाहेर काढायची, आणि ते काम टॉप व्हेंट (छतातली हवा जायची फट), बाजूचे पडदे, फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारे फवारे) नि शेडनेटचं. व्हेंट अपुरा असेल तर कागदाखाली काय नि शीटखाली काय, आतलं जरबेऱ्याचं फूलपीक सारखंच होरपळतं.

दहा वर्षांची वॉरंटी मिळते, मान्य. पण बऱ्याच शीटना उन्हातल्या यूव्ही (अतिनील) किरणांपासून वाचवणारा थर एकाच बाजूला असतो. बसवणाऱ्याने ती उलटी लावली की शीट लवकर पिवळी पडते. टोकं नीट बंद केली नाहीत तर पोकळीत धूळ, पाणी, शेवाळ. तिथं फडकं पोचत नाही.

आणि कागद लवकर जातो, त्यात थोडा आपलाही हात असतो. पिकावरच्या भुरी रोगासाठी गंधकाचा मारा केला की कागदातली यूव्हीपासून वाचवणारी रसायनं निकामी होत जातात. तापलेल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपवर टेकलेली जागा आधी फाटते. तिथं पाइपला पांढरा रंग द्या.

वजनाबद्दल मेसेज गप्पच आहे. २०० मायक्रॉनचा कागद चौरस मीटरला २०० ग्रॅमही भरत नाही, ८ मिमी शीट दीड किलो. १० गुंठ्यांच्या नुसत्या छतावर दीड टन!

गारपिटीत शीट जास्त तग धरते, हे नाकारत नाही. छोट्या रोपवाटिकेला ती मीही सुचवेन. पण कोटेशनवाल्या मित्रा, हे वजन पेलायला लागणाऱ्या जादा पर्लिनचा (छताखालच्या आडव्या आधारांचा) खर्च त्यात धरलाय का, तेवढं विचार.