ओहोटीचा किनारा विसरू नये

मुलांना शहरातला निसर्ग कुठे दाखवावा, यावर आपण छापलेल्या लेखात उद्याने आणि टेकड्या सुचवल्या आहेत, त्या योग्यच आहेत. परंतु मुंबईकरांनी हाजी अली किंवा कार्टर रोडचा खडकाळ किनारा वगळू नये असे मला मनापासून वाटते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकत्र आल्याने ओहोटीला पाणी नेहमीपेक्षा बरेच मागे हटते, आणि मुंबईत ही ओहोटी साधारण सकाळी अथवा सायंकाळी सहाच्या आसपास येत असल्याने शाळकरी मुलांना ती सोयीची पडते. खडकांतल्या डबक्यांत रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे, स्पर्श होताच मिटणारी समुद्रफुले (फुलासारखे दिसणारे सागरी प्राणी), खडकाला घट्ट चिकटलेली कालवे दिसतात, आणि नशीब असेल तर लहानसा ऑक्टोपसही. मात्र उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवायला मुलांना आवर्जून शिकवावे, कारण त्याखालचे जीव उन्हात लवकर सुकतात. शंखही घरी आणू नयेत; रिकामा वाटणारा शंख एखाद्या खेकड्याचे पुढचे घर असतो. पावसाळा टाळावा, भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच निघावे आणि पाणी पुन्हा चढू लागताच किनाऱ्यावर परतावे.