आठ नग

कोकणात ‘एवढंच’ हे वजनाचं माप आहे. एक एवढंच म्हणजे साधारण चार किलो. मे महिन्यात हिच्या माहेराहून निघताना वहिनींनी अशी सहा एवढंच आणून ओटीवर ठेवली. “वन्सं, एवढंच हो, जड काही नाही.” सोलं, कुळथाचं पीठ, फणसाची साटं, आगळाच्या बाटल्या, आंब्यांची पेटी. आणि गोणपाटात शिवलेला एक अख्खा कापा फणस. फणस कशातही भरा, काटे तुमच्याच पोटरीला लागणार.

मी एकाहत्तरचा, ही अडुसष्टची. यात थोडी चूक माझीही आहे. स्लीपरच्या डब्यात माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, हा नियम मीच एकदा हिला मोठ्या हौसेनं वाचून दाखवला होता. तेव्हापासून दोघांचे मिळून ऐंशी भरले नाहीत, तर तिला तिकीट वाया गेल्यासारखं वाटतं.

एसटीनं जाऊ या, असं मी सुचवून पाहिलं. पासष्टीनंतर मला अर्धं तिकीट, हिला बाई म्हणून अर्धं, आणि आणखी चार वर्षं कळ काढली तर मला फुकटच. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२० पासून बंदच आहे. पण एसटीत फणस मांडीवर घेऊन बसावं लागेल, या मुद्द्यावर ठराव फेटाळला गेला.

वहिनींची सहा एवढंच आणि आमच्या दोन बॅगा, असे एकूण आठ नग. त्यातली मोठी निळी बॅग चाकांची. मुलानं कौतुकानं आणून दिलेली. ती चाकं विमानतळाच्या फरशीसाठी जन्माला आलेली. स्टेशनाबाहेरच्या खडीवर एक चाक गेल्याच वर्षी गळालं. उरलेल्या तिनांवर बॅग पुढे जात नाही, स्वतःभोवती फिरते. तिला ओढत नेणारा माणूस लांबून फुगडी खेळल्यासारखा दिसतो.

स्टेशनाचं नाव सांगत नाही, कारण सासुरवाडीशी संबंध टिकवायचे आहेत. तिथं गाडी दोन मिनिटं थांबते. हमाल नाहीत. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात हमालांना ‘सहायक’ म्हणायचं ठरलं होतं, पण मुळात हमालच नसेल तिथं काय म्हणायचं ते ठरलेलं नाही. आपला डबा कुठं येतो, हे चहावाल्याला विचारायचं. तो म्हणाला, “नळाजवळ उभे राहा.” आम्ही नळाजवळ आठ नगांचा किल्ला रचून उभे राहिलो. गाडी आली आणि आमचा डबा आम्हाला ओळख न दाखवता पार वडापर्यंत गेला.

दोन मिनिटांत वडापर्यंत फणस पळवणं ही गोष्ट कुठल्याही योगासनाच्या पुस्तकात नाही. ही हातात पेटी घेऊन पुढे, मी फुगडी खेळत मागे. फलाट बुटका, त्यामुळे डब्याची पायरी जवळजवळ कमरेला. पाय उचलला, तर तो गुडघ्यापाशीच विचार करायला थांबला. तेवढ्यात त्याच डब्यातून उतरलेला एक तरुण स्वतःचं ओझं खाली टाकून धावून आला. “आजोबा, सरा बाजूला.” आतल्या दोघांनी हात पुढे केले. पिशवी, पेटी, गोण, पिशवी, बॅग, जे हाताला लागेल ते वर. शेवटी वरून एकानं माझं मनगट ओढलं आणि खालून त्या तरुणानं मला ढकललं. मी नववा नग.

गाडी हलली. खिडकीतून पाहिलं तर तो मुलगा हात हलवत गाडीबरोबर धावत होता. “किती गोड मुलगा!” ही म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते. आम्ही दोघांनीही फलाट संपेपर्यंत भरभरून हात हलवले. तो काहीतरी ओरडतही होता. आशीर्वाद मागत असावा.

मग हिनं नग मोजले. पुन्हा मोजले.

“नऊ होताहेत हो.”

“मला धरलंस का?”

“तुम्हाला कशाला धरू?”

बाकाखाली आमच्या निळ्या बॅगेशेजारी दुसरी निळी बॅग होती. तशीच, फक्त नवीकोरी. तो मुलगा का धावत होता, ते मला आत्ता कळलं. टीसी येईपर्यंत मी दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे नको तितका वेळ पाहिलं आणि पुढच्या स्टेशनवर बॅग उतरवून परत पाठवायची व्यवस्था करतो म्हणाले.

परत जागेवर आलो, तर ही वाकून ती बॅग पुढे-मागे ढकलून बघत होती.

“चारही चाकं आहेत हो हिची.”