घोवान मारलें?

मनगटाला पट्टा बांधून मी फोंडा-पणजी बसमध्ये चढले. खिडकीजवळच्या आजीने आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग मंगळसूत्राकडे, आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "घोवान मारलें गो?"

पुढच्या दोन माना वळल्या. कंडक्टरचे कान टवकारले. अहो, माझा नवरा झुरळसुद्धा मारत नाही, त्यालाही मलाच हाक मारतो!

"ना गो आजी, शीर दामल्या." शीर दबलीय, एवढंच.

सगळ्या बायका असंच सांगतात, अशा अर्थाचा सुस्कारा सोडून आजीने माझा दुसरा हात थोपटला.

मग मी चिडून शास्त्रच काढलं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या 9 दोऱ्या आणि मीडियन नावाची एक शीर, म्हणजे मज्जातंतू, जाते. आतली आवरणं सुजली, की म्हार्दोळला आणखी माणसं चढल्यावर या बसमधल्यांचं होतं ते त्या शिरेचं होतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर. करंगळी मात्र मजेत, तिची शीर वेगळ्या वाटेने येते. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि मी अंधारात हात झटकत बसते. डॉक्टरांनी मनगटं दुमडून 60 सेकंद धरायला लावली; मुंग्या त्याआधीच हजर. साखर आणि थायरॉइड तपासून झालं. "कम्प्युटरवर काम करता?" हेही विचारून झालं. नारळ किती खवता, हे कोणी विचारलं नाही. पट्टा खरं तर रात्रीसाठी दिलाय, झोपेत मनगट सरळ राहावं म्हणून. मी तो दिवसाही घालते, कारण त्याशिवाय घरात कोणाला काही दुखतंय हे दिसतच नाही. हाताला आराम द्या म्हणे. आणि भाज्यांचं खतखतें कोण करणार?

आजीने यातलं काही ऐकलं नव्हतं. ती पिशवीत हात घालून बाटली शोधत होती. "काजूची. मातशें लाय." गुडघ्यांसाठी बाळगते म्हणे. मी नको-नको म्हणेपर्यंत पट्टा सुटला होता आणि फेणी कोपरापर्यंत ओघळली होती. पट्टा मी परत बांधला. बाणस्तारीला चढलेल्यांना आधीचं काहीच माहीत नव्हतं. त्यांना दिसली ती भर सकाळी फेणीचा दरवळ सोडणारी, हात बांधलेली बाई. नवरा का मारतो, याचंही उत्तर बसला मिळालं.

"सांबाळून देंव गो बाय," पणजीला मी उतरताना कंडक्टर म्हणाला. इतकी माया त्याने सुट्ट्या पैशांच्या वेळी कधी दाखवली नव्हती.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो दुखावला. बसमध्ये ओळखीचं कोण होतं, हे त्याने खोदून खोदून विचारलं; हाताबद्दल अवाक्षर नाही. मी नारळ आणि खवणी त्याच्यापुढे ठेवली. अर्धी कवड खवून होते न होते तोच त्याच्याही हाताला मुंग्या आल्या. पाचही बोटांना, करंगळीसकट.