फॉरवर्ड वाचला, आता काउंटरच्या अलीकडचं ऐका

आठवडाभर तो मेसेज फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरच तीनदा येऊन गेला. थोडक्यात म्हणणं असं की डॉक्टर औषध लिहून देतात आणि पेशंट घेत नाहीत, कारण एक तर विसरतात, दुसरं म्हणजे पैसे मोबाईलला असतात गोळीला नसतात, तिसरं अडाणीपणा आणि चौथं सरळसरळ बेफिकिरी. खाली हात जोडलेला इमोजी. मी फार्मासिस्ट आहे, पुण्यात नाना पेठेत मेडिकलवर उभा असतो, १९ वर्षं झाली, त्यामुळे राहवलं नाही.

गोळ्या घेत नाहीत हे खरंय, त्यावर वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ मध्येच सांगितलं होतं की श्रीमंत देशांतसुद्धा लांबणाऱ्या आजारांत साधारण निम्मेच लोक औषध नीट घेतात. म्हणजे 'आपली लोकं अशीच' वगैरे काही नाही. भांडण कारणांवर आहे.

पहिलं, विसरतात. हो विसरतात, मीपण विसरतो. मग उपाय काय तर वारांच्या खणांची डबी घ्या. अमेरिकेत हे करून बघितलंय, २०१७ चा अभ्यास आहे, ५३ हजारांवर लोक, कुणाला डबी दिली, कुणाला टायमरचं झाकण, कुणाला काहीच नाही, आणि वर्षभरानं बघितलं तर सगळे सारखेच. नुसतं विसरणं असतं तर डबीनं काम भागलं असतं की.

दुसरं, पैसे. महिनाअखेरीला "पाचच द्या, बाकी पगार झाल्यावर" म्हणणारी माणसं मी रोज बघतो आणि त्यांच्या खिशातला मोबाईल बघून मला राग येत नाही, कारण त्याच मोबाईलवर त्यांची कामं येतात. पण सगळं पैशावर ढकलू नका. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना औषध पूर्ण फुकट करून बघितलं, तेही अमेरिकेतच, २०११, तर नीट घेण्याचं प्रमाण ४ ते ६ टक्क्यांनीच वर गेलं. आणि स्वस्त करताना दुसरीच भानगड होते. सरकारी जनऔषधी दुकानातून तेच औषध कितीतरी कमी पैशात मिळतं, चांगली गोष्ट आहे, पण गोळीचा रंग बदलतो. "डॉक्टरांनी गुलाबी दिलेली, ही पांढरी नको" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय विचारू नका. हसू नका, गोळीचा रंग किंवा आकार बदलला की हार्टचे पेशंट औषध सोडण्याची शक्यता वाढते हे रीतसर मोजलेलं आहे.

आता तिसरं, अडाणीपणा. इथं मात्र माझं डोकंच फिरलं.

एक मावशी आहेत, फुरसुंगीकडून बसनं येतात, कॅम्पात चार घरची कामं. बीपीची गोळी चालू, त्यात पाण्याचं औषध, म्हणजे लघवी जास्त होणारं. महिन्याच्या गोळ्या त्यांना सहा-सात महिने पुरायच्या म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "दादा, ती घेतली की सारखं जावं लागतं, बसमध्ये जाऊ कुठं? आन कामाच्या घरी संडास वापरू देत न्हाईत." म्हणून गोळी फक्त सुट्टीच्या दिवशी. दवाखान्यात बीपी मोजलं तर वाढलेलंच असणार, तिथं त्या भीतीनं "रोज घेते" म्हणाल्या, डॉक्टरांनी डोस वाढवून दिला, म्हणजे अजून जास्त पाणी, म्हणजे रविवारीसुद्धा नको. यात अडाणी कोण? त्यांचा हिशोब तर एकदम पक्का होता. डॉक्टरांना मी फोन लावला, गोळी बदलून आली, नव्या गोळीनं घोट्याला थोडी सूज येते पण म्हणतात चालतंय, बस तरी गाठता येते.

शिकलेल्यांचं ऐका. खराडीत आयटीत आहे एकजण, रॅमिप्रिल ही बीपीची गोळी सुरू झाल्यावर कोरडा खोकला लागला. त्या औषधानं बऱ्याच जणांना लागतो, दुसरी गोळी मिळते, सोपं असतं. पण हे कुणी सांगितलंच नव्हतं, मलाही त्यानं फक्त खोकल्याचं औषध मागितलं आणि मीही ते दिलं, दोन बाटल्या दिल्या (माझी चूक, तेव्हाच विचारायला हवं होतं), शेवटी त्यानंच नेटवर वाचून बीपीची गोळी बंद केली आणि दुसरी काही घेतलीच नाही. बीपी दुखत नाही ना, सोडल्यावर उलट खोकला गेला, बरं वाटलं. इंजिनिअर आहे हो तो.

राहिली बेफिकिरी. २०१३ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात भारतातलेही पेशंट होते. अॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची आणि बीपीच्या दोन, अशा चार गोळ्या एकाच गोळीत घालून दिल्या. वेगवेगळ्या घेणाऱ्यांत ६५ टक्के लोक नियमित निघाले, एकच घेणाऱ्यांत ८६. बेफिकीर माणूस गोळ्यांची संख्या कमी केल्यावर सुधारतो होय?

आणि बेफिकीर म्हणायचं तर कुणाला? पालख्या आमच्या भागात मुक्कामाला असतात तेव्हा या दुकानात. सत्तरीचे आजोबा रांगेत थांबून बीपीची, शुगरची गोळी मागतात, "पुढं दिवेघाट हाय, मग ही गोळी कुठं घावायची, हितंच घेऊन ठेवतो." वारी अठरा-वीस दिवसांची आणि घरून आणलेली स्ट्रिप पंधराची, हे त्यांनी मोजलेलं असतं. हातात असतो स्ट्रिपचा एक तुकडा, कधी त्यावर अर्धंच नाव, कधी एक्सपायरी नाही, ओळखायला मला दहा मिनिटं लागतात. तो तुकडा कुठल्यातरी मेडिकलवाल्यानंच कापून दिलेला असतो, मीपण असेच देत आलोय. यंदापासून नाव आणि तारीख ठेवून कापतोय.